हसू कुणाचं, हसणारा कोण? – भाऊ कदम यांच्या निमित्ताने



आयोजकांनी फोन करून विचारलं, "सर, या वेळी विषय काय ठेवू?" मी म्हटलं, "भाऊ कदम." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. (हशा) त्यांना वाटलं असणार, सरांना ऐकू कमी येतंय. या माणसाने याच मंचावर शंकराचार्य सांगितले, चार्वाक सांगितला, कांट सांगितला आणि आता टीव्हीवरचा विनोदी नट? मी म्हटलं, हो, तेच लिहा. कांटवर बोलताना मागच्या दोन रांगा झोपतात हे मला ठाऊक आहे, निदान आज जाग्या राहतील.

पण हा विषय मी गंमत म्हणून घेतलेला नाही. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून मी एक चूक केली, आणि त्या चुकीचा अर्थ मला पुस्तकांपेक्षा विनोदी नटांनी जास्त नीट समजावला. आज ते सांगायचं आहे.

आधी चूक सांगतो. जालन्याच्याच एका महाविद्यालयात मी नवा नवा लागलो होतो. भोकरदनकडच्या एका खेड्यातला मुलगा वर्गात होता. थेलीज म्हणाला होता की सगळ्याचं मूळ पाणी आहे, यावर चर्चा चालली होती. हा मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, पानी जर मूळ असंल तर आमच्या गावात मग मूळच न्हाई." मंडळी, किती सुंदर विधान होतं ते! दुष्काळाच्या गावातून आलेला पोरगा थेलीजशी भांडत होता. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "पानी नाही, पाणी." वर्ग खो खो हसला. मीही हसलो. तो खाली बसला, आणि वर्षभर पुन्हा उठला नाही.

म्हणजे विनोद मीही करत होतो, बरं का. आणि यशस्वी करत होतो! साठ पोरं एका शब्दावर हसवली. आता प्रश्न असा, की माझ्या त्या विनोदात आणि एखाद्या खऱ्या विनोदी नटाच्या विनोदात फरक काय? हसू तर दोन्हीकडे आहे. इथून आपण सुरुवात करू.

बर्गसाँ नावाचा फ्रेंच तत्त्ववेत्ता होता. त्याचं हास्यावरचं छोटं पुस्तक १९०० साली आलं. तो म्हणतो की हसायचं असेल तर हृदय घटकाभर बधिर करावं लागतं. केळीच्या सालीवरून घसरलेल्या माणसाची कणव आली की हसू थांबतं. दुसरं तो सांगतो की हसू कधी एकट्याचं नसतं, ते टोळीचं असतं. तो एक किस्सा देतो. कीर्तन म्हणा, प्रवचन म्हणा, सगळे रडताहेत, एक गृहस्थ कोरडा. का रडत नाही म्हणून विचारलं तर म्हणाला, मी या गावचा नाही! बर्गसाँ म्हणतो, रडण्याचं सोडा, हसण्याला हे जास्त लागू आहे. कोण आपल्या गावचा आणि कोण नाही, हे हसू ठरवतं. माझ्या वर्गात त्या दिवशी एकोणसाठ जण एका गावचे झाले आणि एकाला आम्ही गावाबाहेर काढलं.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीचं भान जुनं आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थांनी विनोदाला फार वरच्या पंगतीला बसवलेलं नाही, टवाळांच्या पंगतीला बसवलं, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. आणि त्याच जिल्ह्यात, या जालना शहरात धुळवडीला हत्ती रिसाला निघतो. साधा माणूस एक दिवसाचा राजा होतो आणि सगळं गाव रंगात न्हातं. एकीकडे विनोदावर डोळे वटारणारा संत, दुसरीकडे राजेपणाचीच गंमत करणारं गाव. मला दोन्ही बरोबर वाटतात. समर्थांचा राग टवाळीवर आहे, आणि टवाळी म्हणजे मी वर्गात केली ती. रिसाल्यात मात्र कुणीच गावाबाहेर राहत नाही. रंग सगळ्यांनाच लागतो.

आता नटांकडे येतो. 'स्टँड-अप' हा शब्द आपल्याकडे अलीकडचा, पण माणसाने एकट्याने उभं राहून लोकांना हसवायचं हे काम आपल्याकडे फार जुनं. बहुरूपी होता, सोंगाड्या होता, गॅदरिंगमधला नकलाकार होता. मग कथाकथन आलं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार हे तिघं गावोगाव हिंडले. पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' आली. आणि आपल्या मराठवाड्याने या परंपरेला दिलेला माणूस म्हणजे लक्ष्मण देशपांडे.

देशपांडे आपल्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' त्यांनी १९७९ मध्ये रंगमंचावर आणलं. एक नट, बावन्न पात्रं, जवळपास तीन तास. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. मराठवाड्यातल्या खेड्यातलं लग्नाचं वऱ्हाड विमानाने लंडनला जायला निघतं, एवढीच गोष्ट. फेब्रुवारी २००९ मध्ये ते गेले. म्हणजे तीस वर्षं हा माणूस एकच संहिता घेऊन उभा राहिला. आता संदीप पाठक तो प्रयोग करतात. तेही मराठवाड्यातलेच, माजलगावकडचे.

मी तो प्रयोग पाहायला गेलो तेव्हा दोन रांगा पुढे माझा तोच विद्यार्थी बसला होता, 'पानी'वाला. मंचावर त्याच्याच घरची भाषा चालली होती. 'न्हाई' होतं, 'आनी' होतं, 'कामून' होतं. आणि हा पोरगा पोट धरून हसत होता. मी नाटक कमी आणि त्याला जास्त पाहिलं. मला प्रश्न पडला, तेच उच्चार, तेच हसू. मग माझ्या वर्गात तो मेला आणि इथं जिवंत कसा झाला?

उत्तर मला हळूहळू सुचलं. देशपांडे बावन्न माणसं स्वतःच्या एका देहात घ्यायचे. म्हातारी तेच, बाप्पा तेच, पोरगा तेच, मुंबईचा शहाणा माणूसही तेच. ज्याच्यावर हसायचं तो आणि जो हसवतोय तो, दोघांना राहायला देह एकच! त्यामुळे कुणाला गावाबाहेर काढायची सोयच नाही. एकाला काढलं तर स्वतःलाच काढावं लागेल. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे दोन प्रकार सांगितले, आत्मस्थ आणि परस्थ. स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. एकपात्री नटाकडे पाहिलं की वाटतं, चांगल्या विनोदात ही दोन खाती वेगळी ठेवताच येत नाहीत.

इथून मी भाऊ कदमांकडे येतो. काटेकोर बोलायचं तर भालचंद्र कदम हे माइक हातात घेऊन एकट्याने उभे राहणारे स्टँड-अप नव्हेत. ते नाटकातून आले, मग 'फू बाई फू'सारख्या स्पर्धेतल्या दोघा-तिघांच्या प्रहसनांतून घराघरांत पोचले. टीव्हीवरच्या या कार्यक्रमांना स्टँड-अपच म्हणायचा लोकांचा प्रघात आहे, तो आपण चालवून घेऊ. वडाळ्यात बालपण, वडील गेल्यावर डोंबिवलीत संसार, घर चालवायला पानाची टपरी आणि दुसरीकडे नाटक. हे त्यांनीच मुलाखतींतून सांगितलेलं आहे. स्वभाव बुजरा, हेही तेच सांगतात. जानेवारी २०१४ मध्ये रवी जाधवांचा 'टाइमपास' आला, त्यात ते दगडूचे वडील झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झी मराठीवर नीलेश साबळेंचं 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं, ते मार्च २०२४ पर्यंत चाललं. जवळजवळ दहा वर्षं. आमच्या घरी सोमवार-मंगळवार साडेनऊच्या आत जेवणं उरकलेली असायची. त्या दोन दिवसांत मला कुणी फोन केला तर घरचे म्हणायचे, सर ध्यानाला बसलेत. (हशा)

आता या नटाचं नेमकं बलस्थान कोणतं? मी असं म्हणेन की भाऊ कदम उशीर करतात. समोरचा नट, समजा कुशल बद्रिके, वीज असल्यासारखा बोलून जातो. भाऊ नुसते उभे असतात. वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलेलं असतं, आपल्याला दिसतं की पोचलंय, पण ते उत्तर देत नाहीत. पापणी एकदा मिटते. मान जराशी वळते. चुकीच्या कचेरीत शिरलेला आणि कुणाला विचारायचं कळत नसलेला माणूस जसा उभा राहतो, तसे. मग अर्धं वाक्य, तेही गिळलेलं. आणि आपण फुटतो.

बुजऱ्या माणसाचा हा उशीर आपल्याला ओळखीचा आहे. तलाठ्यासमोर, डॉक्टरसमोर, बँकेच्या खिडकीसमोर आपण असेच उभे राहतो. उत्तर सुचतं ते घरी आल्यावर. सामान्य जीवनात ज्याची शरम वाटते, तोच उशीर हा नट मंचावर आणतो आणि म्हणतो, घ्या, मी उभा राहतो तुमच्या जागी. इथेही ज्याच्यावर हसायचं तो आणि हसवणारा एकाच देहात राहतात. देशपांडेंनी बावन्न माणसांनी जे साधलं ते भाऊ एका गप्प माणसाने साधतात.

टीव्हीने कलावंत बिघडवला, असं म्हणायची आम्हा प्राध्यापकांना खोड असते. मला ते अर्धंच पटतं. विचार करा, भाऊंची ती पापणी हजार माणसांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला दिसली असती का? नसती. कॅमेऱ्याने ती दाखवली. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या हातवाऱ्याच्या नटाला मंच पुरतो. लहान हालचालीच्या, खालच्या आवाजाच्या नटाला जवळून पाहणारं कुणीतरी लागतं. म्हणजे टीव्हीने या माणसाला चेहरा दिला. हे श्रेय नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पण किंमतही मोठी घेतली. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, वेळ. देशपांडेंकडे एक संहिता आणि तीस वर्षं होती. प्रत्येक प्रयोगात एखादं वाक्य घासलं जायचं, एखादा विराम वाढायचा. आठवड्याला दोन भाग म्हणजे वर्षाला शंभराच्या घरात. त्या प्रत्येकात नवं प्रहसन. सोमवारी जन्मलं, रात्री मेलं. घासायला दुसरा प्रयोगच नाही. अशा वेगाने काम करायचं तर हात आपोआप तयार साच्याकडे जातो. साडीतला पुरुष, कुणाचं पोट, कुणाचा रंग, कुणाची बोली. नटाला मी दोष देत नाही. आठवड्याला दोन नवे सिद्धांत मांडायला सांगितले असते तर मीही कांटला साडी नेसवली असती. (हशा)

दुसरी गोष्ट, उशीर कापला जाणं. संकलन करणाऱ्याला रिकामी जागा सहन होत नाही. भाऊ थांबले की लगेच कॅमेरा पाहुण्यांवर जातो. सिनेमाच्या जाहिरातीला आलेले तारे-तारका तिथं खुर्चीत बसून हसतात, टाळ्या देतात. म्हणजे कुठे हसायचं हे आम्हाला सांगितलं जातं. ज्या शांततेत हसू पिकत होतं, तीच शांतता कापून टाकतात. आंब्याची अढी घातल्यावर दर तासाला उघडून बघितली तर आंबा पिकेल कसा?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. ती म्हणजे बोलीचा शिक्का. टीव्हीवर वऱ्हाडी बोलला की हसू, मराठवाडी बोलला की हसू, मालवणी बोलला की हसू. काय बोलला याला महत्त्व नाही. इथं मला माझाच वर्ग दिसतो. 'पानी' ऐकू आलं, थेलीजशी भांडणारा विचार ऐकूच आला नाही! संस्कृत नाटकात विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. राजा संस्कृतात स्वप्नं बघतो आणि हा लोकांच्या भाषेत त्याला जमिनीवर आणतो. त्याची बोली हा त्याचा दोष नव्हता, ती त्याची शहाणपणाची जागा होती. आपण ते उलटं केलं आणि बोलीलाच दोष ठरवलं.

पण याच कार्यक्रमात या आजारावरचं औषधही होतं, हे न सांगणं अन्यायाचं होईल. भारत गणेशपुरे विदर्भातले. त्यांची वऱ्हाडी ऐका. ते तिला सोंग म्हणून वापरत नाहीत, घरचा आवाज म्हणून वापरतात. समोरच्याला गार करणारं वाक्य ते तिच्यातच टाकतात. आणि ती पत्रं! सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचे, सायकल, खाकी, आणि पत्र वाचायचे. ती पत्रं लिहिणारे अरविंद जगताप आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले. घटकेपूर्वी हसून बेजार झालेली माणसं त्या पत्राने डोळे पुसायला लागायची. बर्गसाँ म्हणाला होता की हसताना हृदय बधिर करावं लागतं. इथं बधिर केलेलं हृदय कार्यक्रम संपायच्या आत परत शुद्धीवर आणलं जायचं. हे मला फार मोलाचं वाटलं. कुणी म्हणेल, रडवणं हाही साचाच झाला. काही वेळा झालाही. पण ज्याने हसवताना भूल दिली त्यानेच ती उतरवायचीही जबाबदारी घेतली, ही नीती टीव्हीच्या धंद्यात मला क्वचित दिसली.

आता भाऊंच्या शांताबाईसारख्या स्त्रीपात्रांबद्दल दोन शब्द. माझी सून या विषयावर माझ्याशी भांडते. ती म्हणते, बाबा, पुरुषाने साडी नेसली एवढ्यावर तुम्ही हसता, यात बाईची काय शोभा? तिचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडे बालगंधर्वांनीही स्त्रीपात्रं केली, पण तिथे बाई घडवायची होती. टीव्हीवर बहुतेक वेळा बाई मोडायची असते. तरी मी तिला एवढंच म्हणतो की भाऊंकडे पुन्हा एकदा बघ. पुष्कळदा ते साच्यातलं काम करून मोकळे होतात, खोटं कशाला बोलू. पण मधेच एखादा क्षण येतो. ते पदर सारखा करतात, आणि त्या हालचालीत थट्टा नसते. दिवसभर राबून आलेली कुणीतरी बाई तिथं खरोखर उभी असते. तो क्षण लेखकाने लिहिलेला नसावा, कारण त्यावर कुणी हसत नाही. पुढच्या वाक्याला कॅमेरा दुसरीकडे जातो. मी या नटाला मोठा म्हणतो तो त्या अडीच सेकंदांसाठी. आणि मला दुःख आहे तेही त्याच अडीच सेकंदांचं, की दहा वर्षांत कुणी त्यांना त्या बाईची पूर्ण गोष्ट करू दिली नाही.

तर मंडळी, मी विनोद तपासायची एक कसोटी सांगतो. फार सोपी आहे. हसून झाल्यावर, ज्याच्यावर हसलो तो माणूस आपल्या शेजारी, त्याच पंगतीला बसू शकतो का? तो बसू शकला तर विनोद झाला. उठून गेला तर टवाळी झाली. 'वऱ्हाड' बघताना माझा विद्यार्थी माझ्यासोबतच्या प्रेक्षकांत बसून हसत होता, म्हणजे देशपांडे उत्तीर्ण. भाऊ कदम जेव्हा जेव्हा स्वतःच्या उशिराने हसवतात तेव्हा उत्तीर्ण, आणि पहिल्या वर्गात. कार्यक्रम जेव्हा पोट, रंग आणि बोली यांच्यावर भागवतो तेव्हा नापास, मग त्यात भाऊ असोत नाहीतर आणखी कुणी. आणि त्या दिवशी वर्गात मी नापास. माझा निकाल मी राखून ठेवलेला नाही.

एक शेवटचं सांगतो आणि थांबतो. निवृत्तीनंतर एकदा अंबडच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत होतो. उन्हाळा. एक पन्नाशीतला गृहस्थ जवळ आला, पाया पडला. मी ओळखलं नाही. त्याने पिशवीतून बाटली काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "सर, पानी घ्या." 'पानी' जरा जोर देऊनच म्हणाला. मग मी ओळखलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण भाऊंसारखाच उशीर झाला, शब्द काही आले नाहीत. तोच हसायला लागला. मग मीही हसलो. आम्ही दोघं एकाच बाकड्यावर बसून हसलो आणि पाणी प्यालो.

त्याने मला नंतर सांगितलं, "सर, माझ्या वर्गात पोरं काय म्हन्तात ते मी आधी ऐकतो. कसं म्हन्तात ते मग."

इथं बरेच शिक्षक बसलेत. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर मला जे कळलं ते हा माणूस एका वाक्यात बोलून गेला, म्हणून ते तुमच्या हवाली करतो.

आणि हो, मागच्या दोन रांगा जाग्या राहिल्या. (टाळ्या)